मुदत उलटून गेल्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुलगा अमेरिकेत आहे, ही गोष्ट आपण चारचौघांत कौतुकाने सांगतो. पण त्याच मुलाच्या व्हिसाची मुदत संपली आहे आणि तरीही तो तिथेच राहतो आहे, ही गोष्ट सख्ख्या भावालाही सांगितली जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून घरातले सगळे गप्प बसतात. या गप्प बसण्यात दिवस जातात, आणि या प्रकरणात सगळा हिशेब दिवसांचाच असतो. म्हणून आज या विषयावर थोडे मोकळेपणाने बोलू या.

मुदत उलटून राहिलेला माणूस म्हणजे कुणी अट्टल गुन्हेगार असेल, अशी एक समजूत असते. प्रत्यक्षात ही माणसे आपल्या ओळखीचीच असतात. सुनेच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू बांधून गेलेल्या आजी असतात. त्या तिथे आजारी पडतात आणि परतीचे तिकीट पुढे पुढे ढकलले जाते. फी भरणे न झेपल्यामुळे कॉलेज सोडलेला विद्यार्थी असतो. नोकरी गेली, आज ना उद्या दुसरी मिळेल, या आशेवर थांबलेला इंजिनियर असतो. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, व्हिसाचे कागद नवऱ्याच्याच कपाटात राहिलेली एखादी मुलगी असते. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, आणि कायद्याने प्रत्येकाला दिलेली वाटही वेगळी.

प्रत्येक देशाचे कायदे निराळे आहेत. अनेक आखाती देशांत मुदतीपलीकडच्या प्रत्येक दिवसाचा दंड लागतो आणि अधूनमधून सरकार माफीची मुदत जाहीर करते. संयुक्त अरब अमिरातीने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये तशी माफी दिली होती. अमेरिकेची रीत अगदी वेगळी आहे. आखातातला अनुभव अमेरिकेला लावला, तर माणूस फसतो. आज मी फक्त अमेरिकेविषयी बोलणार आहे.

सुरुवात एका साध्या फरकापासून करू. व्हिसा आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासपोर्टवर दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा असतो, म्हणून दहा वर्षे राहता येते असे नाही. व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात. ही तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते. पूर्वी त्याची कागदी चिठ्ठी पासपोर्टला टाचून मिळे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची ही नोंद संगणकावर होते आणि अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर ती कुणालाही स्वतःची पाहता येते. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल, तर कधी कधी अधिकारी त्याच तारखेपर्यंत राहू देतो आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. म्हणून तिथे पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी ही तारीख पाहावी, कागदावर उतरवून घ्यावी आणि इथल्या घरीही कळवावी.

ही तारीख उलटली की काय होते? एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी पासपोर्टवरचा तो व्हिसा रद्द झाला असे कायदा मानतो. त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी तो पुन्हा चालत नाही. नवा व्हिसा हवा असेल तर, मोजके अपवाद सोडता, आपल्याच देशात येऊन अर्ज करावा लागतो.

आता दुसरा आणि मोठा हिशेब. अमेरिकी काँग्रेसने १९९६ मध्ये एक कायदा केला. त्यातली मुदतीपलीकडच्या वास्तव्याची तरतूद १ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत असेल आणि मग तो माणूस देश सोडून गेला, तर त्याला तीन वर्षे प्रवेशबंदी. वर्षभर किंवा त्याहून जास्त राहून गेला, तर दहा वर्षे. उदाहरण घेऊ. एखाद्याची मुदत ३० जूनला संपली. १ जुलैपासून दिवस मोजायचे. २७ डिसेंबरला १८० दिवस भरतात. तोवर तो बाहेर पडला, तर व्हिसा गेलेला असेल, पण तीन वर्षांची बंदी लागत नाही. नवीन वर्ष साजरे करून जाऊ म्हणाला, तर लागते. पुढच्या ३० जूनपर्यंत राहिला, तर तीनाची दहा होतात. विमान रद्द होते, माणूस आजारी पडतो, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नये, हे सांगायला नकोच.

श्रोतेहो, इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि आजच्या बोलण्याचा गाभाही तोच आहे. ही बंदी लागते ती राहिल्यामुळे नव्हे, तर राहून मग बाहेर पडल्यामुळे. म्हणजे दोन वर्षे मुदतीपलीकडे राहिलेल्या माणसाला आपण इथून फोनवर सांगतो, “बाबा रे, सगळे सोडून आधी घरी ये, मग पुढचे पाहू.” तो विमानात बसतो आणि त्याच क्षणी त्याच्यामागे दहा वर्षांसाठी दार बंद होते. कदाचित त्याला तिथेच राहून कायदेशीर होण्याचा मार्ग असेल. तो मार्ग त्या विमानप्रवासाने गेला. उलट ज्याचे १५० दिवस झाले आहेत आणि ज्याच्यापुढे कोणताच मार्ग नाही, त्याला आपण सांगतो, “एवढ्या लांब गेला आहेस, थोडी कळ काढ.” तो कळ काढतो आणि फक्त व्हिसा गमावून सुटला असता, त्याऐवजी वर्षांच्या बंदीत सापडतो. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले आणि दोन्ही चुकीचे. आधी दिवस मोजायचे, आपली वाट कोणती ते पाहायचे आणि मगच पाऊल उचलायचे.

आता वाटा एकेक करून पाहू.

पहिली वाट मुदतवाढीची. मुदत संपण्याआधी अर्ज केला, तर तो प्रलंबित असेपर्यंत ही बंदीची दिवसमोजणी सुरू होत नाही. अर्ज नाकारला गेला, की दुसऱ्या दिवसापासून ती सुरू होते. मुदत संपल्यानंतर केलेला अर्ज सहसा घेत नाहीत. पण कायद्यात एक फट ठेवलेली आहे. उशीर आपल्या हाताबाहेरच्या असाधारण कारणाने झाला असेल, कारणाच्या मानाने वाजवी असेल, बेकायदा नोकरीसारखा दुसरा नियमभंग नसेल आणि परत जाण्याचा इरादा खरा असेल, तर अधिकारी उशीर माफ करू शकतो. ज्या आजी अचानक रुग्णालयात दाखल झाल्या, त्यांच्या घरच्यांनी डॉक्टरचे पत्र, दाखल झाल्याची तारीख, बदललेले तिकीट हे सारे जपून ठेवावे आणि पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा. “बऱ्या झाल्या की बघू,” असे म्हणत घोंगडे भिजत ठेवू नये.

दुसरी वाट जवळच्या नात्याची. अमेरिकी नागरिकाचा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालील अविवाहित मूल आणि एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाचे आईवडील यांना कायदा ‘निकटचे नातेवाईक’ म्हणतो. हे लोक रीतसर व्हिसा घेऊन, विमानतळावर तपासणी होऊन आत आलेले असतील, तर मुदत उलटलेली असूनही देश न सोडता त्यांना ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. मराठी घरांसाठी ही तरतूद मोठी आहे, कारण कितीतरी मुले आता तिकडचे नागरिक झाली आहेत. मात्र मुलाकडे नुसते ग्रीन कार्ड असेल किंवा तो नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असेल, तर तो आईवडिलांसाठी असा अर्ज करू शकत नाही. आणि हा हक्क नव्हे, ती अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेली सवलत आहे. येतानाच राहायचे ठरवून पर्यटक म्हणून आलात, असे दिसले, तर ती नाकारली जाऊ शकते.

इथे एक फरक ध्यानात घ्या. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे एक विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. ती दृश्ये आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली आणि ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांच्या पोटात गोळा आला. त्या विमानातले बहुतेक लोक दलालांना पैसे मोजून, जंगले तुडवून सीमा ओलांडून गेलेले होते. असे चोरवाटेने गेलेल्याला नागरिकाशी लग्न झाले तरी सहसा आतून ग्रीन कार्ड मागता येत नाही. रीतसर दारातून गेलेल्याची मुदत संपली, तरी त्याचा प्रवेश कायदेशीर होता, ही गोष्ट पुसली जात नाही. त्याची पुंजी म्हणाल तर तीच. म्हणून जुना पासपोर्ट, त्यावरचा शिक्का आणि आय-९४ ची प्रत कधीही टाकून देऊ नये.

लग्नाची वाट खऱ्या लग्नासाठी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. कागदापुरते लग्न जुळवून देणारे लोक तिकडेही आहेत. असे लग्न उघडकीला आले, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पुढे खरे लग्न केले तरी त्या आधारावर ग्रीन कार्ड मिळत नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात, ते हेच.

तिसरी वाट नोकरीची. नोकरी गेली की कामाच्या व्हिसावरच्या माणसाला साठ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ मिळतो. २०१७ च्या जानेवारीपासून हा नियम आहे. आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल, तर सवलतही तिथेच संपते. या काळात नवी नोकरी शोधावी, दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करावा किंवा परत यावे. साठ दिवस लांब वाटतात, पण कंपनीच्या वकिलाचे कागद तयार व्हायलाच त्यातले कितीतरी जातात. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मागणाऱ्याला आणखी एक सवलत आहे. शेवटच्या रीतसर प्रवेशानंतर त्याची नियमबाह्य कामाची किंवा वास्तव्याची बेरीज १८० दिवसांपलीकडे गेलेली नसेल, तर आतून अर्ज करता येतो. अडचण आपल्या देशाच्या रांगेची आहे. कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे देत नाहीत. त्यामुळे भारतीय इंजिनियरांची रांग दहा वर्षांहून लांब गेली आहे आणि सवलत असूनही पाळी येत नाही.

विद्यार्थ्यांचे थोडे वेगळे आहे. आजवर त्यांच्या नोंदीत ठरावीक तारखेऐवजी ‘शिक्षण चालू असेपर्यंत’ अशा अर्थाची दोन अक्षरे लिहिण्याची पद्धत चालत आली. अशा विद्यार्थ्याने कॉलेज सोडले तर त्याचा दर्जा लगेच जातो, त्याला देशाबाहेर काढताही येते. पण प्रवेशबंदीसाठीची दिवसमोजणी मात्र अधिकाऱ्याने किंवा न्यायाधीशाने तसा निर्णय दिल्यावरच सुरू होते. ही पद्धत बंद करून विद्यार्थ्यांनाही ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. म्हणून आपल्या नोंदीवर काय लिहिले आहे, ते प्रत्येकाने स्वतः पाहावे. मित्राच्या अनुभवावर विसंबू नये. दर्जा टिकवायचा म्हणून कुठल्याही कॉलेजात नाव घालण्याचा मोहही टाळावा. २०१९ मध्ये मिशिगन राज्यात ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ नावाचे एक प्रकरण झाले. तिथे वर्ग नव्हते, प्राध्यापक नव्हते. ते विद्यापीठ खुद्द अमेरिकी तपास यंत्रणेनेच सापळा म्हणून उभे केले होते. त्यात अडकलेल्यांत बहुसंख्य भारतीय विद्यार्थी होते.

चौथी वाट, जिच्याविषयी आपल्या मुलींना कुणी सांगत नाही. नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि तो छळ करत असेल, तर बायकोला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. तिची मुदत संपलेली असली तरीही. हा अर्ज गुप्त ठेवण्याचे बंधन सरकारवर आहे. नवऱ्याला त्याची खबर दिली जात नाही. नवरा एच-१बीवर आणि ती त्याच्यावर अवलंबून असेल, तर हा मार्ग नाही. पण मारहाणीसारख्या गुन्ह्याची तक्रार करून पोलिसांना तपासात मदत केली, तर गुन्ह्याच्या बळींसाठी असलेला ‘यू’ व्हिसा मागता येतो. वर्षाला असे दहा हजारच व्हिसा देतात आणि त्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागते. तरीही “पोलिसांकडे गेलीस तर तुलाच हाकलतील,” ही नवऱ्याची धमकी म्हणजे कायदा नव्हे, एवढे त्या मुलीच्या आईवडिलांना इथे बसून तरी ठाऊक असले पाहिजे.

आश्रयाची वाट पुष्कळांना सुचवली जाते. धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणांनी मायदेशी खरोखर छळाची भीती असलेल्यांसाठी ती आहे. देशात आल्यापासून वर्षाच्या आत, काही अपवाद सोडता, अर्ज करावा लागतो. पगार कमी, कर्ज डोक्यावर, ही कारणे चालत नाहीत. रचलेली कहाणी जाणूनबुजून सांगितली असे ठरले, तर पुढे कोणताही लाभ कायमचा नाकारला जाऊ शकतो. आश्रयाचा अर्ज ‘टाकून देतो, तेवढ्यात कामाचा परवाना मिळेल,’ असे सांगणारा एजंट तुमच्या मुलाचे पुढचे सगळे दरवाजे विकत असतो.

यांपैकी काहीच नसेल आणि हकालपट्टीच्या सुनावणीची नोटीस आली, तर एकच नियम. तारखेला हजर राहायचे. गैरहजर राहिला की न्यायाधीश एकतर्फी हुकूम काढतो आणि तो फिरवणे फार कठीण जाते. कितीदा असे होते, की नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. म्हणून घर बदलले की दहा दिवसांत कळवण्याचा नियम आहे, तो पाळावा. या न्यायालयात सरकार वकील देत नाही, स्वतःचा करावा लागतो. हजर राहिलेल्याला निदान मागता येते की, मी स्वखर्चाने निघून जातो, हकालपट्टीचा शिक्का मारू नका. आरंभीच मागितले तर १२० दिवसांपर्यंत, खटल्याच्या शेवटी मागितले तर ६० दिवसांपर्यंत अवधी मिळू शकतो. दहा वर्षांहून अधिक काळ सलग तिथे राहिलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला आणखी एक मागणी करता येते. आपण गेल्यास नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या नवऱ्याला, बायकोला, आईवडिलांना किंवा मुलांना विलक्षण हालअपेष्टा सोसाव्या लागतील, हे त्याने सिद्ध करायचे. अशा सवलती वर्षाला चार हजारच मिळतात. मूल अमेरिकेत जन्मले म्हणजे आईबाप आपोआप सुटतात, हा समज खोटा आहे. ते मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत त्यांच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्जच करू शकत नाही.

आता परत येण्याविषयी. परत येणे ही हार नव्हे. दिवस १८० च्या आत असतील आणि दुसरा मार्ग नसेल, तर तोच शहाणपणाचा मार्ग आहे. पासपोर्ट संपलेला असेल तर भारतात परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र आपल्या वकिलातीतून मिळू शकते. अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, विमान कंपनीच्या नोंदीवरून निर्गमन ठरते. त्यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवावा आणि इथे उतरल्याचा शिक्काही. मार्च २०२५ पासून अमेरिकी सरकारने स्वतःहून निघून जाणाऱ्यांसाठी मोबाइलवरची एक सोय सुरू केली. मे महिन्यात त्यांना हजार डॉलर आणि तिकीट देऊ केले. पुढे ही रक्कम बदलत गेली. पण पैसे घेऊन गेले म्हणून तीन किंवा दहा वर्षांची बंदी पुसली जात नाही. ही ओळ जाहिरातीत ठळक नसते, म्हणून मी इथे ठळक सांगतो.

बंदी लागलीच, तर तीही अगदी दगडावरची रेघ नाही. जोडीदार किंवा आईवडील नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक असतील आणि त्यांना आत्यंतिक त्रास होणार असेल, तर माफीचा अर्ज करता येतो. २०१३ पासून काहींना तो देश सोडण्याआधीच करता येऊ लागला, २०१६ मध्ये ही सोय वाढवली. त्यामुळे निकाल हातात घेऊन माणूस बाहेर पडू शकतो. या अर्जात मुलांचा त्रास थेट धरत नाहीत, मुलांमुळे जोडीदारावर येणारा भार धरतात. वकिलाशिवाय ही बाब सहसा लक्षात येत नाही. बंदीच्या काळात थोड्या दिवसांच्या भेटीसाठीही खास परवानगी मागता येते.

आणि शेवटी सगळ्यांत अवघड प्रश्न. इकडे वडील अत्यवस्थ असतात आणि तिकडे मुलाची मुदत संपून चार वर्षे झालेली असतात. यायचे, तर दहा वर्षे बायकामुलांपासून दूर. न यायचे, तर बापाचे तोंड पुन्हा दिसणार नाही. याला कायद्यात सोपे उत्तर नाही. पण एक उत्तर आहे आणि ते आधीपासून तयारी केलेल्यांनाच मिळते. ज्याचा ग्रीन कार्डचा अर्ज रीतसर दाखल आहे, त्याला प्रवासाची आगाऊ परवानगी मागता येते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने एका भारतीय दाम्पत्याच्या प्रकरणात निर्णय दिला, की अशी परवानगी घेऊन वृद्ध आईवडिलांना भेटून आलेल्यांवर दहा वर्षांची बंदी लागत नाही. आपल्याच देशातल्या एका घरची ही ओढ आज कितीतरी परक्या घरांच्या उपयोगी पडते आहे. अशी परवानगी हातात असली तरी निघण्यापूर्वी वकिलाला विचारावे. पण त्यासाठी आधी अर्ज दाखल असावा लागतो. वडील आजारी पडल्यावर धावपळ करून तो होत नाही.

काही लोक म्हणतात, थांबू, कधीतरी सरसकट माफी येईलच. तशी माफी १९८६ च्या कायद्याने आली होती आणि सुमारे सत्तावीस लाख लोकांना तिचा लाभ झाला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांत ती पुन्हा आलेली नाही. या भरवशावर आयुष्य टांगून ठेवू नये. उलट काळ कडक होत चालला आहे. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार, कायदेशीर दर्जा नसलेल्याचा अर्ज नाकारला गेला, की त्यापाठोपाठ हकालपट्टीची नोटीस येऊ शकते. म्हणजे ‘करून तर पाहू’ म्हणून अर्ज करण्याचे दिवस गेले.

म्हणून सल्ला कुणाचा घ्यायचा, हे महत्त्वाचे. अमेरिकेत परवानाधारक वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी, या दोघांनाच या बाबतीत सल्ला देण्याचा अधिकार आहे. तिथला नोटरी हा फक्त सहीचा साक्षीदार असतो. वाण्याच्या दुकानात भेटलेला ‘सगळ्यांचे काम करणारा’ ओळखीचा गृहस्थ कितीही गोड बोलला, तरी त्याच्या चुकीची शिक्षा अर्जदारालाच होते. आणि दोन खोटी कधी बोलू नयेत. एक, नोकरीच्या किंवा मतदार नोंदणीच्या अर्जात आपण नागरिक आहोत, असे लिहू नये. त्याला जवळजवळ माफी नाही. दुसरे, पुढच्या व्हिसाच्या अर्जात ‘कधी जास्त राहिलात का?’ या प्रश्नाला नाही म्हणू नये. नोंद त्यांच्यासमोर असते. जास्त राहिल्याची शिक्षा काही वर्षांची असते, फसवणुकीची जन्माची होऊ शकते.

श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांचे कुणी तिकडे असे अडकले असेल, त्यांनी रागे भरण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. आत कसा गेलास? मुदत कोणत्या तारखेला संपली? तिथे तुझे नागरिक असलेले जवळचे कोण आहे? ही तीन उत्तरे कागदावर लिहून त्याने चांगल्या वकिलासमोर बसावे. त्याआधी तिकीट काढू नये, अर्ज भरू नये, लग्नाची घाई करू नये. आणि त्याने ही गोष्ट आपल्याला सांगितली, म्हणून त्याला घरात उणे लेखू नये. लाजेपायी मुलाने खरी तारीख आईवडिलांपासून लपवली, तर त्याला वेळेवर सावध करणारे उरतेच कोण?